पुळणीवर नेता येईल असा कॅमेरा

प्रश्न : आम्ही खेडला राहतो. दर मे महिन्यात चार-पाच दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतो. गेल्या वर्षी गुहागर, हेदवी, गणपतीपुळे केलं, यंदा मालवण-तारकर्लीपर्यंत जायचं आहे. बरोबर यजमान, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गेल्या वर्षी गुहागरला लाटेत माझा फोन भिजला. 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतलेला होता, पण दोन दिवसांनी चार्जिंगच घेईना. पाणी गेलंय म्हणून वॉरंटीही मिळाली नाही. तेव्हापासून ठरवलंय, फिरायला वेगळा छोटा कॅमेरा घ्यायचा. बजेट तीस हजार, फार तर थोडं वर. दुकानदार म्हणतो ४० एक्स झूमवाला घ्या, डॉल्फिनसुद्धा येतील. दीर म्हणतात, घ्यायचाच तर डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घ्या. यजमान म्हणतात, फोन असताना कॅमेरा कशाला. एक जुना कॅमेरा सासऱ्यांचा कपाटात पडलेला आहे, चालतो की नाही माहीत नाही. संध्याकाळी समुद्रावर काढलेल्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे काळे येतात आणि मी तर फोटोत नसतेच. काय घ्यावं?
— एक वाचक, खेड

उत्तर :

ताई, दुकानदार, दीर आणि यजमान, तिघेही आपापल्या जागी बरोबर बोलतायत. पण त्यांच्यापैकी कुणी ओल्या पुळणीवर, एका हातात पोराचं बखोट आणि दुसऱ्या हातात कॅमेरा अशा अवस्थेत उभं राहिलेलं दिसत नाही. तुम्ही राहिलेल्या आहात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

माझा पहिला छोटा कॅमेरा असाच गेला. गुहागरच्याच किनाऱ्यावर. तो पाण्यात पडला नाही, आपटला नाही, काही नाही. शर्टाच्या खिशात होता आणि त्या खिशात वाळूचे चार कण होते. बटण दाबलं, नळी बाहेर आली, करकर असा आवाज झाला आणि पडद्यावर 'लेन्स एरर'. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी कॅमेरा तसाच घरी आणला. पुढे तो पोरांच्या खेळण्यात गेला.

हे माझंच नशीब होतं असं नाही. खिशात मावणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांची लेन्स एकात एक सरकणाऱ्या दोन-तीन नळ्यांची असते. चालू केला की ती बाहेर येते, बंद केला की आत जाते. या नळ्यांमधली फट केसाएवढी, आणि त्या हलवणारे दाते प्लॅस्टिकचे. आपल्या पुळणीवरची बारीक वाळू त्या फटीत सहज शिरते. वर खारा वारा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि लाटांचे तुषार उडतात तेव्हा तेच मीठ हवेतून येऊन सगळ्यावर बसतं. म्हणून कोकणात फिरायला कॅमेरा घेताना मी मेगापिक्सेलच्या आधी एकच प्रश्न विचारतो : लेन्स बाहेर येते का? येत असेल तर तो कॅमेरा डोंगरावर, देवळात, लग्नात न्यावा. किनाऱ्यावर नेऊ नये.

तुमच्या फोनचं काय झालं तेही सांगतो, कारण त्यात बरेच जण फसतात. खोक्यावर आयपी६८ असं लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ-पाणी आत शिरत नाही याची चाचणी झाल्याची खूण. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते. त्यात ना मीठ, ना लाटेचा मार. शिवाय फोन पडत-आपटत जुना होतो तसं आतलं सील सैल होत जातं. खारं पाणी चार्जिंगच्या भोकात राहिलं आणि तुम्ही रात्री चार्जर लावलात की तिथल्या पिना गंजायला सुरुवात होते. बिघाड लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी दिसतो. तुमचंही नेमकं तसंच झालं. आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हे बारीक अक्षरात आधीच छापलेलं असतं.

तेव्हा माझं उत्तर असं : पाण्यात नेता येणारा, ज्याची लेन्स शरीराबाहेर येत नाही असा दणकट कॅमेरा घ्या. या वर्गाला 'टफ' किंवा 'वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट' म्हणतात. यांची लेन्स एका काचेच्या खिडकीमागे आतच हलते, त्यामुळे वाळूला वाट मिळत नाही.

आज नवा घ्यायचा तर नावं मोजकीच आहेत. ओएम सिस्टीमचा टीजी-७ हा त्यातला सगळ्यात चांगला. २०२३ साली आला. हे म्हणजे पूर्वीचं ऑलिंपस, कॅमेऱ्याचा धंदा वेगळा झाल्यावर नाव बदललं. १५ मीटर पाण्याखाली चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी सोसतो, १२ मेगापिक्सेलचा आहे, २५ ते १०० मिलिमीटरची चार पट झूमची लेन्स आहे आणि चार्जिंगला यूएसबी-सी, म्हणजे हल्लीच्या फोनचीच वायर. याआधीचा टीजी-६ हा २०१९ चा. फोटोंत फरक जवळजवळ नाही, फक्त वायर जुन्या जातीची. हे दोन्ही तुमच्या आकड्याच्या वर जातात, आधीच सांगतो. पेंटॅक्सचा डब्ल्यूजी-९० हा १४ मीटरपर्यंत चालतो. त्याच्या लेन्सभोवती दिव्यांची गोल कडी आहे. कोडॅकच्या नावाने येणारा डब्ल्यूपीझेड२ हा १५ मीटरचा, १६ मेगापिक्सेलचा आणि बराच स्वस्त. फोटो टीजीइतके नीटस नाहीत, व्हिडिओ साधा फुल एचडी, पण नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात देताना काळजात धस्स होणार नाही.

यातला कुठला, असं मला विचाराल तर पैसे थोडे ताणता येत असतील तर टीजी. त्याचं एक खास कारण आहे. तो वस्तूच्या अगदी जवळ, लेन्सपासून सेंटिमीटरभर अंतरावर फोकस करतो. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहेच : शेवाळं, कालवं, पिटुकले खेकडे, शंखात घर केलेले किडे. मुलीला तो कॅमेरा द्या आणि तुम्ही निवांत बसा. तास-दीड तास 'कंटाळा आला' ऐकू येणार नाही. ताण झेपत नसेल तर कोडॅक घ्या आणि उरलेल्या पैशात एक जादा बॅटरी आणि वर्षभराचे प्रिंट.

आता या कॅमेऱ्यांचं उणं. ते सांगितलं नाही तर तुमच्या यजमानांपुढे माझी बाजू पडेल. यांच्यातला सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर चित्र उमटतं तो तुकडा, साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो. करंगळीच्या नखाहूनही लहान. भर उन्हात काही फरक पडत नाही, पण दिवेलागणीनंतर, पडवीतल्या एका बल्बच्या उजेडात, हा कॅमेरा दाणेदार आणि हललेले फोटो देतो. हल्लीच्या चांगल्या फोनमध्ये सेन्सर याहून मोठा असतो आणि शिवाय फोन एका बटणात पाच-सात फोटो काढून त्यांचा मिळून एक करतो. तेव्हा रात्रीच्या जेवणाच्या पंगतीचा फोटो फोननेच काढा. यजमानांचं म्हणणं एवढ्यापुरतं शंभर टक्के खरं. पण दिवसभर फोन खोलीवर किंवा डिकीत, सुका ठेवायचा.

याच्यावरची पायरी म्हणजे 'एक इंची' सेन्सरवाले : सोनीचे आरएक्स१०० मालिकेतले, कॅननचे जी७ एक्स. (नावाला एक इंच, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. ही मापं जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या काचेच्या नळ्यांवरून आलीत, पावशेराच्या मापात पावशेर बसत नाही तशी गत.) क्षेत्रफळ चौपट, फोटो सुंदर. पण नवे तुमच्या बजेटच्या पार पलीकडे, आणि लेन्स बाहेर येणारी. तारकर्लीला तो तुम्ही पिशवीतून बाहेरच काढणार नाही.

दुकानदाराच्या ४० एक्सबद्दल. कॅननचा एसएक्स७४० हा तसा कॅमेरा, २४ ते ९६० मिलिमीटर. वाईट नाही. दापोलीच्या कड्यावरून सुवर्णदुर्गाचा बुरूज मोजून काढायचा असेल तर मजा येते. पण डॉल्फिनचं आमिष मात्र खोटं. देवबागला किंवा मुरुड-हर्णैला होडीत बसलात की होडी डुलते, तुम्ही डुलता, मुलगा उठून उभा राहतो म्हणून त्याला धरलेलं असतं. डॉल्फिन पाठ दाखवतो सेकंद-दीड सेकंद. पूर्ण झूम लावून त्या एवढ्याशा चौकटीत तो सापडेपर्यंत पाण्यावर नुसती वर्तुळं उरतात. त्यातून झूम लावला की लेन्सचं तोंड बारीक होतं, प्रकाश कमी येतो आणि फोटो हलतो. मे महिन्यात समुद्रावर जो धुरकटपणा असतो तो तर कुठलाच झूम भेदत नाही. डॉल्फिन डोळ्यांनी बघा. कॅमेरा वळवायचाच तर डॉल्फिन बघणाऱ्या पोरांच्या तोंडाकडे वळवा, तो फोटो हमखास मिळतो.

झूमच्या दुसऱ्या टोकाकडे मात्र लक्ष द्या, ते दुकानदार कधी सांगत नाही. माहितीपत्रकात लेन्सच्या मिलिमीटरचा पहिला आकडा २५ आहे की २८, हे बघा. जितका लहान तितकं जास्त मावतं. ओटीवर नऊ माणसं बसवून फोटो काढायचा आणि मागे सरकायला अंगणात तुळशीवृंदावन, तेव्हा हे तीन मिलिमीटर उपयोगी पडतात. आणि 'डिजिटल झूम' नावाचा जो आकडा मोठ्या अक्षरात छापतात, त्याकडे ढुंकूनही बघू नका. ते नुसतं कापून मोठं करणं आहे, घरी कात्रीने जमतं.

मेगापिक्सेलचंही तेच. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. नेहमीच्या चार बाय सहाच्या मॅक्सी प्रिंटला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. बारातून १३ बाय १० इंचांचा, भिंतीवर लावण्याजोगा प्रिंट निघतो. १६ विरुद्ध २० असा वाद घालत दुकानात उभं राहू नका.

दिरांना म्हणावं, डीएसएलआर तुम्ही घ्या आणि आमच्याबरोबर चला.

आता काळे चेहरे. यात कॅमेऱ्याचा दोष थोडा आणि भूगोलाचा जास्त. आपली किनारपट्टी पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरत असतो आणि आपण सगळ्यांना समुद्राकडे पाठ करून उभं करतो. उजेड पाठीवर, चेहरे सावलीत. कॅमेरा त्या लखलखीत आभाळाला बघून चित्र गडद करतो आणि सासूबाईंच्या जागी सासूबाईंची आकृती उरते. यावर उपाय दोन. पहिला म्हणजे फ्लॅश. उन्हात फ्लॅश कशाला, असं वाटतं ना? इथेच छोटा कॅमेरा फोनवर मात करतो. फोनचा 'फ्लॅश' म्हणजे मिणमिणती एलईडी, कॅमेऱ्यातला खरा झेनॉन फ्लॅश क्षणभरात कितीतरी जास्त उजेड फेकतो. फ्लॅश 'ऑटो'वर ठेवू नका, कारण आभाळ उजळ असलं की तो आपणहून पेटेलच असं नाही. विजेची खूण असलेलं, कायम पेटणारं सेटिंग निवडा आणि माणसं दोन-अडीच मीटरच्या आत उभी करा. मागचा तांबडा सूर्यही राहतो, पुढची माणसंही दिसतात.

दुसरा उपाय फुकटचा आहे. सगळ्यांचा एकत्र फोटो संध्याकाळी काढूच नका, सकाळी सात-साडेसातला काढा. सूर्य सह्याद्रीच्या बाजूने, डोंगरामाडांवरून येतो, उजेड सरळ चेहऱ्यांवर पडतो आणि मागचा समुद्र निळा दिसतो. संध्याकाळी दिसतो तसा वितळलेला पत्रा नाही. पुळणीवर गर्दीही नसते. आरे-वारेला आमचा असा एक फोटो आहे, साध्या कॅमेऱ्यातला. आजवर घरी आलेल्या प्रत्येकाने विचारलंय, कुठला कॅमेरा? अर्थात पोरांना सुट्टीत साडेसहाला उठवणं हे काम माझ्या सदराच्या कक्षेबाहेरचं.

दुपारी फोटो काढू नका. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. सुरूच्या बनात बसा, जेवा, झोपा. आणि पांढऱ्या वाळूवर फोटो राखाडी येत असतील तर अधिक-उणे अशी खूण असलेलं सेटिंग शोधा आणि अधिकच्या बाजूला दोन घरं सरकवा. कॅमेरा जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो, वाळू पांढरी आहे हे आपणच त्याला सांगावं लागतं.

तारकर्लीला पाण्यात उतरलात तर 'अंडरवॉटर' मोड लावा. पाण्यात तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, म्हणून सगळं हिरवं-निळं दिसतं. तो मोड रंग थोडा सावरतो. एक सांगायचं राहिलं : हे कॅमेरे पाण्यात चालतात, पण तरंगत नाहीत. नारिंगी रंगाचा, फुगीर, तरंगणारा पट्टा वेगळा मिळतो, तो घ्याच. मालवणच्या समुद्राच्या तळाशी असले किती कॅमेरे चालू स्थितीत पडून असतील, देव जाणे.

तुम्ही फोटोत नसता, याला नवा कॅमेरा एकटा पुरणार नाही. पण इथेही दणकटपणाच कामाला येतो. तीस-चाळीस हजारांचा नाजूक कॅमेरा घरात एकाच माणसाच्या हातात राहतो, आणि तो माणूस कायम चौकटीबाहेर. जो पडला तरी चालतो, तो मुलीच्या हातात जातो, चार वर्षांच्या हातातही जातो. मुलगा काढेल ते फोटो तिरके असतील, निम्म्यांत फक्त गुडघे असतील. पण त्यात तुम्ही असाल, हसताना, कुणीतरी 'हसा' म्हटलंय म्हणून नव्हे. त्यांना कॅमेरा सोपवताना एकच नियम घाला : पट्टा मनगटात.

घेताना बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड मागा. परदेशातून आलेला माल थोडा स्वस्त पडतो, पण बिघडला की कुणी हात लावत नाही. कॅमेरा हातात घेऊन दुकानाच्या बाहेर, उन्हात या आणि पडदा दिसतो का बघा. आत सगळेच पडदे झकास दिसतात. जुना, वापरलेला वॉटरप्रूफ कॅमेरा मात्र घेऊ नका. निकॉनचा डब्ल्यू३००, फुजीचा एक्सपी१४० असे चांगले कॅमेरे जुन्या बाजारात दिसतील, पण त्यांची रबरी सीलं किती म्हातारी झालीत हे बाहेरून कळत नाही. ऑलिंपसच्या सूचनापुस्तिकेतच ती वर्षाला बदलून घ्यावीत असं लिहिलंय.

सांभाळायचं कसं, ते थोडक्यात. बॅटरीचं झाकण पुळणीवर उघडायचं नाही. कार्ड-बॅटरी खोलीवर बदलायची, कोरड्या हातांनी. झाकण बंद करण्याआधी सीलवर केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे बघायचं. एक केस पुरतो पाणी आत यायला. समुद्रावरून आलात की बादलीभर गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग फडक्याने पुसून सावलीत वाळवा. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका. तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवरून उचलून थेट पाण्यात नेलात तर लेन्सवर आतून वाफ धरते, म्हणून गाडीत ठेवायचाच तर टॉवेलात गुंडाळून सीटखाली. दोन ३२ जीबीची कार्डं एका मोठ्यापेक्षा बरी. एक गेलं तर अर्धी सहल तरी वाचते.

खरी परीक्षा पावसाळ्यात, तुम्हाला खेडला वेगळं सांगायला नको. जूनमध्ये चपलांना बुरशी येते तशी ती लेन्सवरही येते, आणि आत धरली की कायमची. कॅमेऱ्याबरोबर आलेलं चामड्याचं किंवा कापडी घर ओल धरून ठेवतं, त्यात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर कढईत कोरडे भाजून पुन्हा निळे करायचे, मात्र ती कढई मग स्वयंपाकात आणू नका. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीठ बसतं. पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून चार फोटो काढा, पावसाचे का होईनात.

आणि खरेदीच्या आधी सासऱ्यांचा तो कॅमेरा कपाटातून काढा. बॅटरी फुगलेली नसेल तर चार्ज करून बघा. चालला तर एका रविवारी दापोलीकडे जाताना मुलीला द्या. लेन्स बाहेर येणारा असणार, तेव्हा पुळणीवर नाही, हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात. तिने दिवसभरात दहा फोटो काढले की दोनशे, यावरून कळेल की तुम्हाला टीजी हवा की कोडॅक पुरेल. दहाच काढले आणि कॅमेरा परत तुमच्या पर्समध्ये आला, तर पैसे ठेवा, फोनसाठी गळ्यात अडकवायची चांगली वॉटरप्रूफ पिशवी घ्या आणि मालवणला एक दिवस जास्त राहा.

नवा घेतलातच तर चालू केल्यावर आधी तारीख-वेळ बरोबर लावा. आमच्याकडे तीन वर्षांच्या सहली एकाच १ जानेवारीला झालेल्या आहेत.